क्रूसावर नेमकं काय घडलं? प्रायश्चित्ताची चार स्पष्टीकरणं, शेजारीशेजारी ठेवून

ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, हे प्रत्येक ख्रिस्ती मंडळीत म्हटलं जातं. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 15व्या अध्यायात ते आहे, आणि तिथेही पौल ते स्वतःचं म्हणून सांगत नाही. मला जे मिळालं तेच तुम्हाला दिलं, असं म्हणतो. म्हणजे येशूच्या मृत्यूनंतर एका पिढीच्या आतच हे वाक्य ठरून गेलं होतं. पण एकाच्या मरणाने दुसऱ्याचं पाप कसं फिटतं, यावर मात्र मंडळी कधीच एका सुरात बोललेली नाही. येशू खरोखर देव आहे का, त्याचा दैवी आणि मानवी स्वभाव एकत्र कसे नांदतात, यावर निकिया (325) आणि खल्सेदोन (451) इथल्या परिषदांनी शब्द तोलूनमापून निर्णय दिले. प्रायश्चित्ताबद्दल, म्हणजे या पाप फिटण्याबद्दल, तसा निर्णय कुठल्याच सार्वत्रिक परिषदेने दिला नाही. 381 मध्ये पूर्ण झालेला निकियाचा मतांगीकार (विश्वासाची ठरवून दिलेली कबुली) ‘आमच्यासाठी क्रूसावर खिळला गेला’ एवढंच सांगतो आणि पुढे जातो.

त्यामुळे इथे निवडीला खरोखर वाव आहे, आणि ती करावीही लागते. तुम्ही बाप्तिस्म्याचा विचार करत असाल, बायबल अभ्यासाचा गट चालवत असाल, किंवा लहानपणापासून ऐकलेलं स्पष्टीकरण आता घशाखाली उतरत नसेल, तर कुठल्या पायावर उभं राहायचं हे ठरवल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. हा आढावा त्यासाठी आहे. मी तटस्थ नाही. माझा कौल कुठे आहे ते जागोजागी स्पष्ट सांगेन.

आधी वेदी

क्रूसाबद्दलचे बरेच गैरसमज लेवीय, हे बायबलमधलं बलिविधींचं पुस्तक, न वाचल्यामुळे होतात. बली म्हटला की रागावलेला देव आणि त्याला शांत करायला दिलेला जीव असं चित्र डोळ्यांपुढे येतं. लेवीयातलं चित्र तसं नाही, आणि ते बारकाईने पाहिलं की चारही स्पष्टीकरणं तोलायला एक काटा हाती लागतो.

सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी आहे. सातव्या महिन्याची दहावी तारीख. महायाजक अहरोन आधी स्वतःसाठी आणि आपल्या घराण्यासाठी गोऱ्हा अर्पण करतो. मग दोन बकरे आणले जातात आणि चिठ्ठ्या टाकून एक परमेश्वरासाठी, दुसरा अजाजेलासाठी (रानाशी जोडलेलं एक नाव) ठरतो. पहिल्याचा वध होतो, त्याचं रक्त पडद्याच्या आत नेऊन दयासनावर (कराराच्या कोशाच्या झाकणावर) आणि त्याच्यापुढे शिंपडतात, आणि लोकांच्या अशुद्धतेमुळे मलिन झालेल्या पवित्रस्थानाचं प्रायश्चित्त होतं. दुसऱ्या, जिवंत बकऱ्याच्या डोक्यावर अहरोन दोन्ही हात ठेवतो, इस्राएलाचे सगळे अपराध कबूल करून ते त्याच्या माथी ठेवतो, आणि त्याला रानात सोडून देतात.

इथे थोडं थांबून पाहायला हवं. ज्याच्या माथी पापं ठेवली तो बकरा मारला जात नाही, आणि जो मारला जातो त्याच्यावर पापं कबूल केलेली नाहीत. प्राण्याला आपल्याऐवजी शिक्षा झाली, हा अर्थ या विधीतून सहज निघत नाही. विधी दोन गोष्टी करतो: धुऊन काढतो आणि दूर वाहून नेतो. पाचव्या अध्यायात तर आणखी एक सवलत आहे. मेंढी परवडत नसेल तर दोन पारवे किंवा होले आणावेत, आणि तेही जमत नसेल तर एफा या मापाचा दहावा भाग सपीठ. त्या पिठालाही पापार्पणच म्हटलं आहे. इब्री लोकांस पत्राच्या नवव्या अध्यायात रक्त ओतल्यावाचून क्षमा नाही असं येतं खरं, पण त्याच वचनात नियमशास्त्राप्रमाणे ‘बहुतेक’ गोष्टी रक्ताने शुद्ध होतात अशी मर्यादाही घातलेली आहे. गणना या पुस्तकाचा पंधरावा अध्याय सांगतो की उद्दामपणे, हात उगारून केलेल्या पापासाठी बलीच नाही. एकावन्नाव्या स्तोत्रात भग्न हृदयाशिवाय द्यायला काहीच उरलेलं नाही, ते म्हणूनच.

पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं वचन लेवीय 17:11. शरीराचं जीवन रक्तात असतं, आणि ते रक्त वेदीवर प्रायश्चित्तासाठी मीच तुम्हाला दिलं आहे, असं देव म्हणतो. बली माणूस देवाला देतो हे आपण गृहीत धरतो. इथे देणारा देव आहे. तो आधीच क्षमा करायला निघाला आहे आणि त्यासाठीची वाटही त्यानेच आखून दिली आहे. माझा काटा हाच. ज्या स्पष्टीकरणात रक्त वाहिल्यावरच देवाला प्रेम करावंसं वाटू लागतं, ते कितीही सुबक असलं तरी बायबलमधल्या वेदीवर टिकत नाही.

आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. येशूचा मृत्यू प्रायश्चित्ताच्या दिवशी झाला नाही, वल्हांडणाच्या वेळी झाला. वल्हांडणाचा कोकरा पापाची शिक्षा भरण्यासाठी नव्हता. ती इस्राएलाची मिसरातल्या गुलामगिरीतून सुटण्याची रात्र होती. येशूने आपल्या मरणाचा अर्थ शिष्यांना सांगितला तो त्याच सणाच्या भोजनात, भाकर मोडून आणि प्याला देऊन.

खंडणी आणि विजय

सर्वांत जुनं स्पष्टीकरण सुटकेचंच आहे. मार्क 10:45 मध्ये मनुष्याचा पुत्र पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला, असं येशू स्वतः सांगतो. दुसऱ्या शतकात इरेनियस यांनी ख्रिस्ताला नवा आदाम म्हणून मांडलं: जिथे पहिला हरला तिथे हा जिंकला, माणसाचं सगळं आयुष्य त्याने पुन्हा, पण आज्ञाधारक राहून जगून दाखवलं. पुढे प्रश्न आला की खंडणी कोणाला दिली? ऑरिजेन यांनी उत्तर दिलं, सैतानाला. निस्साच्या ग्रेगरी यांनी चौथ्या शतकात मासेमारीची उपमा वापरली: ख्रिस्ताचं मनुष्यपण हे आमिष, त्याच्या आत लपलेलं देवपण हा गळ, आणि सैतान फसला.

याला सर्वांत धारदार उत्तर बाहेरून आलं नाही. निस्साकरांचेच स्नेही, नाझियान्झचे ग्रेगरी, यांनी एका प्रवचनात विचारलं: लुटारूला त्याच्या लुटीबद्दल देवाचा पुत्र मोबदला म्हणून द्यायचा, ही केवढी लाजिरवाणी गोष्ट! आणि खंडणी पित्याला दिली म्हणावं, तर आपण पित्याच्या कैदेत होतोच कुठे? शिवाय ज्या पित्याने अब्राहामाकडून इसहाक घेतला नाही, त्याच्या जागी एडका दिला, त्याला स्वतःच्या पुत्राच्या रक्ताने आनंद कसा होईल? या विषयावर इतका नेमका परिच्छेद दुसरा माझ्या वाचनात नाही. खंडणीची उपमा किती ताणायची याची सीमा त्यात आखली गेली आहे.

1930 मध्ये स्वीडनचे गुस्ताफ ऑलेन यांनी हेच स्पष्टीकरण देण्याघेण्याचा भाग वगळून पुन्हा उभं केलं. पाप, मृत्यू आणि सैतान या सत्तांवर ख्रिस्ताने मिळवलेला विजय म्हणजे क्रूस. पौर्वात्य (ऑर्थोडॉक्स) मंडळ्यांनी तर हा सूर कधी सोडलाच नव्हता. त्यांच्या पुनरुत्थान सणाच्या गीतात ख्रिस्त मृत्यूने मृत्यूला तुडवतो.

इथे पुनरुत्थानाला खरी जागा मिळते. पुढच्या दोन स्पष्टीकरणांत रविवारची पहाट नसती तरी हिशोब जुळला असता असं वाटतं. इथे तीच कळस आहे. व्यसनात, भीतीत, पिढ्यान्‌पिढ्यांच्या दडपणाखाली अडकलेल्या माणसाशी हे सरळ बोलतं. उणीव एकच, पण मोठी. मी नुसताच पापाच्या कैदेत नाही. मी केलेलंही आहे. ज्याचं मी वाईट केलं त्याच्या डोळ्यांत पाहताना, मला सत्तांनी जखडलं होतं हे उत्तर अपुरं पडतं.

भरपाई

कँटरबरीचे आर्चबिशप आन्सेल्म हद्दपारीत असताना इटलीत होते. तिथे 1098 मध्ये त्यांनी, देव मनुष्य का झाला, या प्रश्नावरचा संवादरूपी ग्रंथ पूर्ण केला. सैतानाचा माणसावर काही हक्क होता हे त्यांनी साफ नाकारलं. चोराला चोरीच्या मालावर कसला हक्क? पाप म्हणजे देवाला जे द्यायला हवं ते न देणं. त्याच्या इच्छेविरुद्ध टाकलेली एक नजरही सगळ्या सृष्टीच्या मोलाने भरून निघणार नाही. ऋण माणसाचं आहे म्हणून माणसानेच फेडायला हवं, पण फेडण्याची ताकद फक्त देवाकडे आहे. म्हणून जो देव आणि मनुष्य दोन्ही आहे तोच हे करू शकतो. येशू निष्पाप असल्यामुळे मृत्यू त्याला लागू नव्हता; तो त्याने आपखुशीने दिला, आणि ही देणगी सगळ्या ऋणाला पुरून उरली.

आन्सेल्म यांच्या देवाला सरंजामी काळातला मानापमानाचा भुकेला जमीनदार ठरवायची पद्धत पडली आहे. मला ती अन्यायाची वाटते. देवाचा मान माणसाच्या करण्याने तसूभरही कमी होत नाही, हे ते स्वतःच सांगतात. बिघडते ती सृष्टीची घडी आणि तिचं सौंदर्य. आणखी एक फरक लक्षात ठेवा, कारण तो सतत पुसला जातो. त्यांच्या मते एक तर भरपाई होते, नाही तर शिक्षा. ख्रिस्ताने भरपाई केली, म्हणून शिक्षा टळली. त्याला आपल्याऐवजी शिक्षा झाली, असं ते म्हणत नाहीत.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी भरपाई स्वीकारली, पण तिच्यातला अपरिहार्यपणा काढला: देवाला इतर मार्गही मोकळा होता, त्याने हा निवडला कारण हाच सर्वांत उचित होता. कॅथलिक शिकवण आजही बरीचशी या वाटेवर आहे. मिस्साबलीचा, म्हणजे कॅथलिक उपासनेतल्या अर्पणाचा, प्रश्नही इथेच येतो. कॅथलिक मंडळीच्या ट्रेंट परिषदेने 1562 मध्ये सांगितलं की मिस्सात अर्पण होतो तो तोच ख्रिस्त, मात्र रक्ताविना. प्रॉटेस्टंट मंडळ्या इब्री लोकांस पत्रातल्या ‘एकदाच’ या शब्दावर बोट ठेवून हे नाकारतात. तुम्ही या दोन परंपरांमध्ये निवड करत असाल, तर प्रायश्चित्ताच्या सिद्धांतापेक्षा हाच मुद्दा तुमच्या रविवारच्या उपासनेत जास्त जाणवेल.

भरपाईच्या मांडणीची खरी उणीव ही की गालीलातली ती सगळी वर्षं, आजाऱ्यांना स्पर्श करणं, जकातदारांबरोबर जेवणं, यांची तिला गरजच भासत नाही.

आपल्या जागी शिक्षा

सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेच्या काळात, प्रॉटेस्टंट मंडळ्या उभ्या राहिल्या तेव्हा, भरपाईची जागा न्यायालयाने घेतली. त्या चळवळीतले जॉन कॅल्विन कायदा शिकलेले होते आणि ते त्यांच्या लिखाणात जाणवतं. 1559 च्या आपल्या मुख्य ग्रंथाच्या अखेरच्या आवृत्तीत ते म्हणतात की येशू नुसता मेला असता तर पुरेसं नव्हतं. दरोडेखोरांनी मारला असता तर त्यात भरपाईचा अंश नसता. तो न्यायाधीशापुढे उभा केला गेला, आरोपी ठरला, आणि रोमी सुभेदार पिलाताच्या तोंडून त्याला शिक्षा झाली, तीही तोच पिलात त्याला निर्दोष म्हणत असताना. म्हणजे दोषी आपण, शिक्षा त्याला. आधार भक्कम आहेत: यशयाचा त्रेपन्नावा अध्याय, जिथे सेवक आपल्या अपराधांसाठी घायाळ होतो, गलती 3:13, जिथे ख्रिस्त आपल्यासाठी शाप झाला, आणि 2 करिंथ 5:21, जिथे ज्याला पाप ठाऊक नव्हतं त्याला देवाने आपल्याकरता पाप असं केलं.

याच्याइतकं सांत्वन दुसऱ्या कुठल्या स्पष्टीकरणात नाही. रात्री झोप न येणाऱ्या, केलेलं कृत्य आठवून घामाघूम होणाऱ्या माणसाला ‘तुझा निकाल लागला आहे आणि शिक्षा संपली आहे’ हे ऐकणं म्हणजे जीवदान. ते हलक्या हाताने फेकून देणाऱ्यांनी तशी रात्र काढलेल्यांशी आधी बोलावं, असं मला कळकळीने वाटतं.

आक्षेपही तितकेच गंभीर आहेत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फाउस्टो सोसिनस यांनी विचारलं: कर्ज कोणी पूर्ण फेडलं असेल तर सावकाराने माफ काय केलं? वसुली तरी असते, माफी तरी. दोन्ही एकदम कशी? शिवाय दंडाची रक्कम दुसरा भरू शकतो, पण खुन्याऐवजी त्याच्या निरपराध भावाला फाशी देणाऱ्या न्यायाधीशाला आपण न्यायी म्हणणार नाही. ह्यूगो ग्रोशियस यांनी 1617 मध्ये यातून मधली वाट काढली: देव सावकार नाही, राज्यकर्ता आहे, आणि नियमशास्त्राचं गांभीर्य जगापुढे राखण्यासाठी त्याने क्रूस होऊ दिला. वाट हुशारीची आहे, पण तीत येशू एक उदाहरण म्हणून दंडित होतो, आणि तो माझ्यासाठी मेला या वाक्यातला ‘माझ्यासाठी’ फिका पडतो.

तिसरा आक्षेप आजच्या वाचकाला सर्वांत जास्त बोचतो: बाप आपल्या निरपराध मुलाला मारतो आणि मग शांत होतो, हे प्रेम कसलं? सांगायची पद्धत तशी असेल तर आक्षेप शंभर टक्के खरा आहे, आणि तसं सांगितलं जातं हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हा सिद्धांताचा विपर्यास आहे. खुद्द कॅल्विन ऑगस्टिन यांचा आधार घेऊन बजावतात की पुत्राचं रक्त वाहिल्यावर देव प्रेम करू लागला असं नाही. त्याने जगाच्या उत्पत्तीआधीच प्रेम केलं होतं, म्हणून पुत्र दिला. नवा करार देवाचा आपल्याशी समेट झाला असं कुठेच म्हणत नाही. दर वेळी आपला देवाशी समेट झाला असंच म्हणतो, आणि 2 करिंथ 5:19 मध्ये तो करणारा देव स्वतः ख्रिस्तात आहे. न्यायाधीश स्वतःच आसनावरून उतरून आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. तिथे तिसरा, बाहेरचा बळी कोणी नाही. लेवीय 17:11 शी हे जुळतं, आणि याच रूपात मी हे स्पष्टीकरण स्वीकारतो.

निरपराधाला शिक्षा देण्याच्या आक्षेपालाही उत्तर आहे, पण ते न्यायालयात सापडत नाही. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात आपण बाप्तिस्म्याने ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो असं पौल म्हणतो. कॅल्विन यांच्या तिसऱ्या खंडाची सुरुवातच अशी आहे की ख्रिस्त आपल्यापासून वेगळा राहिला तर त्याने जे सोसलं ते आपल्याला निरुपयोगी आहे. म्हणजे तो परका माणूस नाही, तो मस्तक आणि आपण शरीर. हे ऐक्य गाळून ‘त्याने दंड भरला, तू सुटलास’ एवढंच शिकवणाऱ्यांनी अर्धा सिद्धांत शिकवलेला असतो, आणि आक्षेप नेमके त्या गाळलेल्या जागी घुसतात.

प्रेमाचा परिणाम

आन्सेल्म यांच्यानंतरच्या पिढीत पीटर अबेलार्ड यांनी रोमकरांस पत्रावरच्या भाष्यात विचारलं: निरपराधाच्या रक्ताची किंमत मागणं किती क्रूर, आणि पुत्राच्या मृत्यूने देव जगाशी समेट करायला राजी झाला म्हणणं त्याहून किती विचित्र! त्यांच्या मते क्रूस आपल्यावर काम करतो. देव कुठवर प्रेम करू शकतो हे पाहून आपलं हृदय पेटतं, भीतीची जागा प्रेम घेते, आणि असं प्रेम हीच पापाच्या दास्यातून सुटका. क्लेअरव्हॉचे बर्नार्ड त्यांच्याविरुद्ध उभे ठाकले आणि सान्स इथल्या धर्मसभेत अबेलार्ड यांच्या मतांचा निषेध झाला. अबेलार्ड यांनी इतरत्र ख्रिस्ताने आपल्या पापांचा भार वाहिल्याचंही लिहिलं आहे. पण त्यांचं नाव या एका कल्पनेला कायमचं चिकटलं.

या बाजूने भक्कम पुरावा खुद्द येशूच्या तोंडचा आहे. लूकच्या पंधराव्या अध्यायातला बाप धाकट्या मुलाला कुठल्याही भरपाईशिवाय मिठी मारतो. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघात झालेल्या माणसाला येशू वेदी, याजक, बली यांपैकी काहीही न मागता क्षमा करतो. ज्यांना आपल्या जागी शिक्षा हेच स्पष्टीकरण पटतं त्यांनी या दोन उताऱ्यांपुढे प्रामाणिकपणे बसायला हवं.

तरीही हे स्पष्टीकरण एकट्याने भार पेलत नाही. माझ्यावर प्रेम आहे हे दाखवण्यासाठी कोणी जीव दिला, पण त्या जीव देण्याने मी कशातूनही वाचलो नाही, तर ते प्रेम कळत नाही. ती फक्त एक भयंकर घटना उरते. काही साधलं असेल तरच ते प्रेम ठरतं. आणि एक धोका सांगायलाच हवा. मुकाट सोसणं हेच प्रेम, असा अर्थ या स्पष्टीकरणातून काढून मार खाणाऱ्यांना गप्प बसवलं गेलं आहे. दाखल्याला पेत्राच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय देतात. तो लिहिला होता अशा दासांना, ज्यांच्यापुढे सुटकेचा मार्ग नव्हता. दार उघडं असताना कोणी तुम्हाला तो उतारा वाचून दाखवत असेल, तर ऐकू नका.

विसाव्या शतकात फ्रेंच विचारवंत रेने जिरार्द यांनी एक निराळी दिशा दाखवली: जमाव आपली हिंसा एका निरपराधावर ओतून शांत होतो, आणि शुभवर्तमान प्रथमच ही गोष्ट बळीच्या बाजूने सांगून ती यंत्रणा उघडी पाडतं. समाजाबद्दल हे फार खोलवर खरं आहे. माझ्या वैयक्तिक पापाचं काय होतं, याचं उत्तर त्यात शोधू नये.

एकमेकांशेजारी ठेवल्यावर

पाप काय आहे, हा पहिला प्रश्न विचारला की चौघं चार दिशांना तोंड करतात. विजयाच्या मांडणीत पाप ही कैद आहे, आन्सेल्म यांच्याकडे न फिटणारं ऋण, कॅल्विन यांच्याकडे अपराध, अबेलार्ड यांच्याकडे गोठलेलं हृदय. माझ्या अनुभवात माणसाला एका वेळी यांतलं एकच नीट दिसतं, आणि जे दिसतं त्यावरून तो स्पष्टीकरण निवडतो. म्हणून निवडण्याआधी स्वतःला विचारा: माझ्या बाबतीत यांपैकी काय खरं आहे?

क्रूस कोणावर परिणाम करतो, हा दुसरा प्रश्न. सैतानावर आणि मृत्यूवर, की देवाच्या न्यायावर, की आपल्यावर? पहिल्या उत्तरात देव आणि आपण एका बाजूला असतो, ही त्याची मोठी ताकद. मधल्या उत्तरात, म्हणजे भरपाई आणि शिक्षा या दोन्हींत, देव आपल्यासमोर उभा दिसतो, आणि पिता व पुत्र वेगळे पडण्याचा धोका तिथेच सर्वांत जास्त. तिसऱ्यात हा धोका नाही, पण माणसाने प्रतिसाद दिला नाही तर क्रूसावर काय उरतं, हे सांगता येत नाही.

पण नव्या कराराने हे वेगळे काढलेले नाहीत, आणि निवड करणाऱ्याने ही गोष्ट डोळ्यांआड होऊ देऊ नये. कलस्सै 2:14 मध्ये आपल्याविरुद्धचा ऋणलेख क्रूसाला खिळला जातो. लगेच पंधराव्या वचनात ख्रिस्त सत्तांना नि:शस्त्र करून त्यांच्यावर विजय मिळवतो. 1 पेत्र 2:21 मध्ये येशू कित्ता घालून देतो. तीन वचनांनंतर तो आपली पापं स्वतःच्या देहात खांबावर वाहतो. न्यायालय आणि रणांगण, उदाहरण आणि बदली (दुसऱ्याची जागा घेणं), लेखकांनी एका श्वासात लिहिलं आहे. तरी सगळीच खरी म्हणून कुठलंच न निवडणं मला पळवाट वाटते, कारण शिकवताना एक गोष्ट मध्यभागी ठेवावीच लागते.

मी मध्यभागी बदली ठेवतो: देवाने स्वतःच, पुत्रात, आपली जागा घेतली. विजय तिच्यातून उमलतो, कारण दोष देणाऱ्याच्या हातातलं शस्त्र म्हणजे आपला खरा दोष, आणि तो दोषच मिटला तर तो नि:शस्त्र होतो. पेटलेलं हृदय हे त्याचं फळ. आन्सेल्म यांच्याकडून मी उत्तरापेक्षा त्यांचा इशारा घेतो: पापाचं ओझं किती आहे, याचा तू अजून विचार केलेला नाहीस.

तुमच्यासाठी कोणतं

अपराधाने खचलेल्या माणसाला बदलीपासून सुरुवात करू द्या, विजय नंतर. व्यसनातून किंवा भयातून बाहेर पडणाऱ्याला उलट. ज्याच्यावर अन्याय झाला आहे, त्याच्यापुढे आधी ‘क्षमा कर, ख्रिस्ताने केली’ असं ठेवू नका. आधी सांगा की देव पीडिताच्या जागी उभा राहिला आणि त्या कृत्याला त्याने पाप म्हटलं. लहान मुलांना शिकवताना शिक्षेची भाषा सर्वांत जास्त जपून वापरावी, कारण मूल बाप आणि मुलगा हे शब्द आपल्या घरावरून समजून घेतं. त्यांच्यासाठी वल्हांडणाची गोष्ट, सुटकेची गोष्ट पुरेशी आहे, आणि तीच येशूने शिष्यांना निवडून दिली होती.

एखाद्या मंडळीत सामील होणार असाल तर तिचं विश्वासपत्रक आधी वाचा. काही ठिकाणी आपल्याऐवजी शिक्षा हेच एकमेव स्पष्टीकरण म्हणून सही करून मान्य करावं लागतं, काही ठिकाणी एकाचंही नाव नसतं. ख्रिस्त सर्वांसाठी मेला की निवडलेल्यांसाठी, हा नेदरलंड्समधल्या डॉर्टच्या सभेत (1618–19) गाजलेला वादही तिथेच उघडपणे विचारून घ्या; त्यात शिरण्याची गरज तुम्हाला सुरुवातीला नाही, पण तुमच्या शिक्षकांचं उत्तर ठाऊक असावं. आणि त्यांना एक प्रश्न जरूर विचारा: क्रूसाआधी देवाचं आपल्यावर प्रेम होतं का? उत्तर द्यायला ते अडखळले, तर त्यांचं बाकीचं स्पष्टीकरण सावधपणे ऐका.

मग स्वतः वाचा, याच क्रमाने: लेवीय 16 आणि 17, यशया 53, मार्कचे शेवटचे तीन अध्याय एका बैठकीत, रोमकरांस पत्राचे तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे अध्याय, आणि शेवटी इब्री लोकांस पत्राचे नववा आणि दहावा. रोमकरांस पत्र तिसऱ्या अध्यायावर थांबवू नका. सहावा वाचल्याशिवाय तिसऱ्याचा अर्थ अर्धवट राहतो.